लिहून ठेवलेली इच्छा: मृत्युपत्रांच्या अन्वयार्थाची प्रस्तावना

‘माझे राहते घर मी माझ्या पत्नीस देत आहे. तिने त्याची मालकीहक्काने वहिवाट करावी. तिच्या पश्चात सदर घर माझ्या धाकट्या मुलाने घ्यावे.’ अशा तीन वाक्यांचे मृत्युपत्र महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात सापडू शकेल. लिहिणाऱ्याला त्यात काही अवघड वाटलेले नसते. बायकोच्या डोक्यावर छप्पर राहील, पुढे धाकट्याची सोय होईल, एवढेच त्याच्या मनात असते. तो गेल्यावर काही वर्षांनी ती बाई ते घर मुलीच्या नावे बक्षीसपत्राने करून देते आणि धाकटा मुलगा दिवाणी न्यायालयात दावा लावतो. मुलगी म्हणते, वडिलांनी आईला मालक केले होते, मालकाने आपली वस्तू कोणालाही द्यावी. मुलगा म्हणतो, आईला फक्त हयातीपुरते राहायचे होते, पुढचे घर माझे. दोघेही एकाच कागदावर बोट ठेवून बोलत असतात आणि दोघांच्याही बोटाखाली वडिलांचेच शब्द असतात.

असे शब्द न्यायालय कसे वाचते, याचा अभ्यास म्हणजे मृत्युपत्रांचा अन्वयार्थ. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो कलमांच्या यादीसारखा रुक्ष वाटतो, वकिलांना तो निकालांच्या जंगलासारखा वाटतो आणि सामान्य वाचकाला तो आपल्या घरावर वेळ येईपर्यंत ठाऊकच नसतो. या तिघांनाही या विषयात निर्धास्तपणे पाऊल टाकता यावे, यासाठी ही प्रस्तावना आहे. भाषा, कुटुंब आणि कायदा ही तिन्ही इथे एकाच वाक्यात गुंतलेली असतात. माझ्या मते म्हणूनच हा दिवाणी कायद्यातला सर्वांत मानवी विभाग आहे.

सुरुवातीलाच दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. मृत्युपत्र खरे आहे का, हा पहिला. त्याचा अर्थ काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पुराव्याने मिळते: करणारा शुद्धीवर होता का, दोन साक्षीदारांनी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे साक्षांकन केले का, कोणी दबाव आणला का. सर्वोच्च न्यायालयाचा १९५९ सालचा एच. वेंकटाचल अय्यंगार विरुद्ध बी. एन. थिम्मजम्मा हा निकाल या बाजूचा आधारस्तंभ आहे. संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते, हे त्यात स्पष्ट झाले. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयीन दाखला, देणारे न्यायालयही मुख्यतः याच प्रश्नापुरते पाहते, मिळकतीची मालकी ते ठरवत नाही. आपला विषय दुसरा प्रश्न सुरू होतो तिथून सुरू होतो. कागद खरा आहे, सही खरी आहे, साक्षीदार खरे आहेत, तरीही भावंडे भांडत आहेत, कारण वाक्याला दोन अर्थ आहेत.

या दुसऱ्या प्रश्नाची सगळी अडचण एका वस्तुस्थितीतून येते. वाक्य ज्याने लिहिले त्याला आता विचारता येत नाही. विक्रीखत किंवा करारनामा यांत दोन पक्ष असतात आणि वाद झाला तर ते पिंजऱ्यात उभे राहून आपापला हेतू सांगतात. मृत्युपत्राला एकच कर्ता असतो आणि ते अमलात येते तेव्हा तो नसतो. म्हणून न्यायालयाला दोन मोह आवरावे लागतात. शब्दकोशातला अर्थ उचलून माणसाला विसरण्याचा मोह एकीकडे असतो, तर माणसाला काय हवे असेल याची कल्पना करून त्याचे शब्द विसरण्याचा मोह दुसरीकडे. शोधायची असते ती त्याच्या मनातली मोकळी इच्छा नाही, त्याने शब्दांत उतरवलेली इच्छा. सर्वोच्च न्यायालयाने ज्ञानंबाळ अम्माळ विरुद्ध टी. राजू अय्यर या खटल्यापासून आजपर्यंत हेच सूत्र धरले आहे. या क्षेत्रातले बाकीचे सारे नियम या दोन मोहांमधली वाट आखण्यासाठी आहेत, हे लक्षात ठेवले तर वाचक हरवणार नाही.

हे नियम आले कुठून, हेही पाहिले पाहिजे. आपल्या धर्मशास्त्रात वाटणी होती, दान होते, दत्तक होते. आजच्या अर्थाने मृत्युपत्र मात्र नव्हते. मिताक्षरा पद्धतीत एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाला जन्मानेच हक्क मिळत असल्यामुळे बापाला मृत्युपत्राने देण्यासारखे फारसे उरतही नसे. सहदायकाला, म्हणजे असा जन्मजात हक्क असणाऱ्याला, आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देण्याची मुभा हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ३० ने मिळाली. मृत्युपत्राचा कायदा इंग्रजी परंपरेतून आला: आधी १८६५ चा उत्तराधिकार कायदा, मग त्यातील तरतुदी बंगालमधील आणि मुंबई व मद्रास शहरांतील हिंदूंना लागू करणारा १८७० चा हिंदू विल्स कायदा, आणि शेवटी या सर्वांना एकत्र करणारा १९२५ चा अधिनियम. १ जानेवारी १९२७ पासून हिंदूंनी केलेल्या सर्व मृत्युपत्रांना, ती देशात कुठेही केलेली असोत, त्यातले अन्वयार्थाचे नियम लागू झाले. म्हणूनच या कायद्याच्या उदाहरणांत मेरी आणि कॅरोलाइन यांच्या शेजारी सुलतानपूर खुर्द आणि रामनगर नांदताना दिसतात.

या इतिहासाची खूण मराठी मृत्युपत्रांवर अजून दिसते. ती बरेचदा वाटणीपत्राच्या वळणाने लिहिलेली असतात. कोणाला काय दिले याच्याबरोबर कोणी कोणाला सांभाळायचे, बहिणीची पाठवणी कोणी करायची, कुळाचार कोणी चालवायचा, भावांनी गुण्यागोविंदाने कसे राहायचे, हेही त्यात येते. हक्क, अट आणि उपदेश एकाच परिच्छेदात मिसळलेले असतात. ‘माझ्या मुलाने आईचा सांभाळ करावा’ ही मिळकत मिळण्याची अट आहे, मिळकतीवरचा भार आहे, की बापाचा नुसता आशीर्वादवजा उपदेश? सांभाळ झाला नाही तर शेत परत जाते का? अशा प्रश्नांची उत्तरे तयार सूत्रात नसतात. ती त्या विशिष्ट कागदाच्या एकूण ठेवणीतून काढावी लागतात.

कायद्याने मात्र या साध्या लिहिण्याला आदराने वागवले आहे. १९२५ च्या अधिनियमातील कलम ७४ ते १११ हे अन्वयार्थाचे प्रकरण. त्याचे पहिलेच वाक्य सांगते की मृत्युपत्रात कायद्याच्या पारिभाषिक शब्दांची गरज नाही, करणाऱ्याचा हेतू कळेल एवढे शब्द पुरेत. पुढची कलमे या उदारतेचा तपशील देतात. एका मुलीला ‘पाचशे रुपये’ आणि दुसरीला नुसते ‘पाचशे’ असे लिहिले गेले, तर गाळलेला ‘रुपये’ हा शब्द न्यायालय भरून घेते. ‘माझा भाऊ जॉन याचा दुसरा मुलगा थॉमस’ असे लिहिले आणि दुसऱ्या मुलाचे नाव प्रत्यक्षात विल्यम निघाले, तर नावाची चूक बाजूला ठेवून विल्यमला वारसा मिळतो. ‘रामपूरची माझी जमीनदारी’ म्हटले आणि ती खरे तर तालुकदारी असली, तरी ती मिळकतच दिली जाते. आपल्याकडे गट नंबर चुकणे, जुना सर्व्हे नंबर लिहिणे, चतुःसीमा उलटसुलट होणे हे रोजचे असते. हीच कलमे तिथे उपयोगी पडतात.

या उदारतेला एक कडक सीमाही आहे आणि विषयाचा सर्वांत सूक्ष्म भाग तिथेच आहे. संदिग्धता दोन प्रकारची असते. कागद वाचताना वाक्य स्वच्छ दिसते, पण बाहेरच्या जगाला लावायला गेले की दोन अर्थ निघतात, ती सुप्त संदिग्धता. ‘माझी चुलत बहीण मेरी’ असे लिहिले आणि मेरी नावाच्या दोन चुलत बहिणी निघाल्या, तर कलम ८० प्रमाणे बाहेरचा पुरावा देता येतो: कोणाशी येणेजाणे होते, पत्रव्यवहार कोणाशी होता. याउलट कागदावरच उणीव दिसत असेल, म्हणजे नावाची जागा कोरी असेल किंवा रकमेच्या ठिकाणी रेघ असेल, तर ती उघड संदिग्धता. मनात कोण होते हे सांगायला कलम ८१ प्रमाणे कोणालाही उभे राहता येत नाही, आणि ती देणगी कलम ८९ खाली अनिश्चिततेमुळे रद्द होते. ‘सोबतच्या परिशिष्टातील सर्व वस्तू अमक्यास’ असे लिहून परिशिष्टच सापडले नाही, तर त्याचीही गत तीच.

नवख्याला हा भेद निष्ठुर वाटतो. वडिलांनी कोरी जागा कोणासाठी ठेवली होती, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असताना न्यायालय कान का झाकून घेते? कारण लिहिलेल्याचा अर्थ लावणे एक आणि न लिहिलेले लिहून टाकणे दुसरे. कोरी जागा साक्षीने भरू दिली, तर मृत्युपत्राला दोन साक्षीदारांचे साक्षांकन हवे या नियमाला काही अर्थच उरत नाही. आणि अशी साक्ष बहुधा ज्याचा त्यात लाभ आहे तोच देणार असतो.

सुप्त संदिग्धता सोडवताना न्यायालये एका जुन्या प्रतिमेचा आधार घेतात. १८८० च्या बॉयेस विरुद्ध कुक या इंग्रजी खटल्यात न्यायमूर्ती जेम्स यांनी म्हटले की अर्थ लावणाऱ्याने मृत्युपत्र करणाऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसावे. त्याच्याभोवती कोण माणसे होती, मिळकत काय होती, तो शब्द कसे वापरत असे, हे सारे तिथून पाहावे आणि मग कागद हातात घ्यावा. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये निकाली काढलेल्या नवनीत लाल विरुद्ध गोकुळ या खटल्यात हे तत्त्व इतर तत्त्वांसह सूत्रबद्ध केले आणि तेव्हापासून आपल्याकडच्या निकालांत ते सतत येते. खुर्चीत बसायचे ते करणाऱ्याच्या नजरेने पाहण्यासाठी. त्याची लेखणी उचलून नवीन वाक्य लिहिण्याची परवानगी त्या खुर्चीत मिळत नाही.

या तत्त्वाची ताकद दाखवणारा एक निकाल प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा: हाउस ऑफ लॉर्ड्सचा १९४३ चा पेरिन विरुद्ध मॉर्गन. एका बाईने स्वतःच्या शब्दांत केलेल्या मृत्युपत्रात आपल्याकडचा सर्व ‘पैसा’ वाटून द्यायला सांगितले होते. तिची बहुतेक संपत्ती गुंतवणुकीत होती. जुन्या निकालांच्या परंपरेने पैसा म्हणजे रोख आणि बँकेतली शिल्लक असा आखूड अर्थ पक्का केला होता आणि खालची न्यायालये त्याने बांधली गेली होती. लॉर्ड्सनी ती बेडी तोडली. सामान्य माणूस आपल्या एकूण संपत्तीलाही पैसाच म्हणतो, तेव्हा या बाईने तो शब्द कोणत्या अर्थाने वापरला हे याच मृत्युपत्रावरून आणि तिच्या परिस्थितीवरून ठरवायचे, असे त्यांनी सांगितले. ‘माझ्यामागे जो काही पैसाअडका राहील तो’ असे लिहिणाऱ्या मराठी माणसाचे म्युच्युअल फंड त्यात येतात की नाही, हा प्रश्न आज पुण्यात किंवा ठाण्यात उभा राहिला तर विचाराची दिशा हीच राहील.

आता सुरुवातीच्या तीन वाक्यांकडे येऊ. तिथे एक शब्द दोन व्यक्तींना लागू पडतो असे नाही, तिथे दोन वाक्येच एकमेकांना अडवतात. कायद्याचा पहिला आदेश असा की मृत्युपत्र संपूर्ण वाचा (कलम ८२), आणि वाजवी अर्थ निघत असेल तोवर कोणताही भाग टाकून देऊ नका (कलम ८५). म्हणजे आधी मेळ घालायचा. मेळ बसतच नसेल तर कलम ८८ प्रमाणे दोन विसंगत कलमांपैकी शेवटचे टिकते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या कैवेलिक्कल अंबुण्ही विरुद्ध एच. गणेश भंडारी या निकालात याचे कारण दिले आहे. इतर दस्तांत आधीचे कलम टिकते, कारण एकदा दिलेला हक्क तोच दस्त पुढे काढून घेऊ शकत नाही. मृत्युपत्र मात्र करणारा जिवंत असेपर्यंत बदलता येते, म्हणून त्यातला शेवटचा शब्द हाच त्याचा शेवटचा विचार मानला जातो.

पण दुसरी एक निकालमालिका याला छेद देताना दिसते. मौलेश्वर मणी विरुद्ध जगदीश प्रसाद (२००२) या खटल्यात आधी पत्नीला पूर्ण मालकी आणि तिच्या पश्चात मुलींच्या मुलांना मिळकत, अशी रचना होती. न्यायालयाने ठरवले की एकदा पूर्ण मालकी दिल्यावर त्याच मिळकतीची पुढची व्यवस्था लावणारे कलम विसंगत म्हणून गळून पडते. मग शेवटचे कलम टिकते की पहिले? दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की खरी कळ वेगळीच असल्याचे ध्यानात येते. मुळात पत्नीला काय दिले, हे ठरवल्याशिवाय विसंगती आहे की नाही हेच ठरत नाही. ‘मालकीहक्काने’ या शब्दाला विकण्या-देण्याच्या अधिकाराची जोड असेल, तर पूर्ण मालकीकडे कल जातो. ‘वहिवाट करावी’, ‘हयातभर’, ‘विकू नये’ असे शब्द सोबत असतील, तर दोन वाक्यांचा मेळ हयातीपुरत्या हक्कात बसतो आणि मुलाचा दावा उभा राहतो. दोन वकिलांना दोन निकाल सापडतात ते यामुळेच. आणि म्हणूनच एका मृत्युपत्रावरचा निकाल दुसऱ्या मृत्युपत्रावर जसाच्या तसा बसवता येत नाही.

या प्रश्नाला आपल्याकडे आणखी एक पदर आहे आणि तो या क्षेत्राचा नैतिक गाभा आहे. १८७४ मध्ये महंमद शमसूल विरुद्ध शिवुकराम या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायासनाने, असे गृहीत धरले की हिंदू माणसाला मिळकत कुटुंबात राहावी असे साधारणपणे वाटते आणि स्त्रीला तो पूर्ण मालकी देत नाही. मृत्युपत्र करणाऱ्याच्या समजुतींचा आदर म्हणून सुरू झालेला हा विचार विधवेच्या हातातली मालकी आखूड करणारा ठरला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सूरजमणी खटल्यात त्याच न्यायासनाने सांगितले की विधवेला ‘मालिक’ म्हटले असेल तर संदर्भात वेगळे काही नसेपर्यंत तो शब्द पूर्ण मालकीचाच आहे. १९५० मध्ये राम गोपाल विरुद्ध नंदलाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की घेणारी स्त्री आहे एवढ्यावरून दान मर्यादित मानण्याचे कारण नाही.

पुढे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १४(१) ने स्त्रीची मर्यादित मालकी पूर्ण केली, आणि कलम १४(२) ने मृत्युपत्रानेच मर्यादित हक्क दिला असेल तर तो मर्यादितच ठेवला. मग पोटगीच्या आधीच्या हक्कापोटी दिलेल्या मिळकतीचे काय? १९७७ च्या व्ही. तुळसम्मा निकालाने तिला पूर्ण मालकीकडे नेले. मृत्युपत्राने आलेल्या हयातीपुरत्या हक्काबाबत मात्र नंतरचे निकाल एका सुरात बोलत नाहीत आणि २०२४ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्याचा आदेश दिला. म्हणजे नवऱ्याने लिहिलेल्या एका ओळीत त्या बाईचे पुढचे सगळे आयुष्य मावलेले असते, आणि ती ओळ वाचणाऱ्याच्या मनात स्त्रीच्या हक्काविषयी काय गृहीत आहे, यावर तिचा अर्थ किती काळ अवलंबून राहिला, हे या निकालांच्या ओळीतून दिसते. अभ्यासकाने आपली गृहीतके तपासून घ्यावीत ती इथे.

मोठ्या तत्त्वांइतकेच छोटे शब्दही महत्त्वाचे. ‘ही रक्कम अ आणि ब यांना’ असे लिहिले आणि अ आधी वारला, तर सगळी रक्कम ब ला मिळते. ‘अ आणि ब यांनी समान वाटून घ्यावी’ असे लिहिले, तर अ चा हिस्सा ब कडे जात नाही. १९२५ च्या अधिनियमातील कलम १०६ आणि १०७ यांतला हा फरक दोन शब्दांचा आहे. मात्र आधी वारलेला स्वतःचाच मुलगा किंवा मुलगी असेल आणि त्याच्यामागे लेकरे असतील, तर कलम १०९ त्या देणगीला मरू देत नाही. ‘माझी सर्व स्थावर मिळकत’ म्हणजे लिहिण्याच्या दिवशीची नव्हे, वेगळा हेतू दिसत नसेल तर मृत्यूच्या दिवशीची.

अर्थ कितीही स्पष्ट असला तरी कायदा परवानगी देत नसेल तर इच्छा चालत नाही, हे या क्षेत्राचे कुंपण. कोलकात्याचे प्रसन्नकुमार टागोर स्वतः नामांकित वकील होते. टागोर विधी व्याख्यानमाला त्यांच्याच देणगीतून उभी राहिली. ख्रिस्ती झालेल्या ज्ञानेंद्रमोहन या एकुलत्या मुलाला वगळून त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पुरुषवंशात जाणारी वारसाची ओळ आखून दिली. १८७२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ठरवले की स्वतःचा नवा वारसाकायदा कोणाला निर्माण करता येत नाही. हयातीपुरता हक्क टिकला, पुढची रचना कोसळली आणि तो पुढचा हक्क वारस म्हणून ज्ञानेंद्रमोहनकडेच वळला. गोव्यात तर सक्तीच्या वारसांसाठी अर्धी मिळकत राखीव असते. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्र चालत नाही. आपल्या घरोघरी होणारे दोन गैरसमजही याच कुंपणाजवळचे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या शक्ती येझदानी निकालात शेअर्सबाबत पुन्हा सांगितले. आणि सात-बाऱ्यावरची फेरफार नोंद महसुलासाठी असते, मृत्युपत्राचा अर्थ तलाठी ठरवत नाही.

या विषयात येणाऱ्याला माझे सांगणे एवढेच. निकाल नंतर वाचा, मृत्युपत्र आधी वाचा, आणि ते पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत एका बैठकीत वाचा. वादातले वाक्य झाकून ठेवून बाकीचा कागद काय सांगतो ते लिहून काढा. तो माणूस कोणाबद्दल किती बोलला, कोणाला फक्त वस्तू दिल्या आणि कोणाला हक्क, कुठे आज्ञा केली आणि कुठे विनवणी, हे पाहा. मग वादग्रस्त वाक्य उघडा. पुष्कळदा दोनांपैकी एक अर्थ तेव्हाच मागे पडतो. जिथे पडत नाही, तिथे कलमे आणि निकाल हाताशी घ्या. आणि तरीही शब्द हेतूपर्यंत पोहोचत नसतील, तर ती देणगी रद्द होऊ द्यायचे धैर्य ठेवा. हरणाऱ्या भावंडाला न्यायालय मिळकत देऊ शकत नाही. निकाल आपल्या बापाच्या शब्दांवर झाला, दुसऱ्या कोणाच्या मर्जीवर नाही, ही खात्री मात्र ते देऊ शकते. घर वाटले गेल्यावरही माणसांना एकमेकांच्या दारात जाता यावे, यासाठी तेवढी खात्री लागते, आणि ती निर्माण करण्याचे कसब शिकण्यासारखे आहे.